प्रवासवर्णनातला दुसरा माणूस

मराठीतले प्रवासवर्णन पुष्कळदा दोघांनी केलेल्या प्रवासाचे असते, आणि लिहितो मात्र त्यांतला एकच. दुसरा माणूस संहितेत असतो, नाही असे नाही. पण तो असतो कसा? तिकिटे सांभाळणारा, थंडी वाजते म्हणून कुरकुरणारा, बॅगांची मोजदाद करणारा, नको त्या वेळी खरेदी काढणारा, आणि निवेदकाला विनोदासाठी हवा असेल तेव्हा नेमका हाताशी असणारा. त्याने काय पाहिले हे वाचकाला कळत नाही. त्याने पाहिले, एवढेच कळते.

हा प्रश्न मला सुचलेला नाही. द्वितीय वर्षाच्या वर्गात 'अपूर्वाई'विषयी बोलत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, हाच प्रवास सुनीताबाईंनी लिहिला असता तर?" तास संपत आला होता. मी 'पुढच्या तासाला पाहू' असे म्हणाले, आणि खरोखरच पुढचे दोन तास आम्ही तेच पाहत राहिलो. दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी पु. ल. १९५८ साली विलायतेला गेले तेव्हा सुनीताबाई बरोबर होत्या. 'अपूर्वाई' पुस्तकरूपाने १९६० साली आले, 'पूर्वरंग' १९६३ साली. सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' यायला १९९० साल उजाडले, आणि ते प्रवासवर्णन नव्हते. म्हणजे एका घरातल्या दोन माणसांनी एकाच आयुष्याविषयी लिहिले, त्यांतल्या पहिल्या पुस्तकावर महाराष्ट्र खळखळून हसला आणि तीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्यावर बराच काळ भांडला. सुनीताबाईंनी लंडनविषयी वेगळे पुस्तक लिहिले असते तर ते चांगले झाले असते की नाही, हा प्रश्न गौण आहे. दुसऱ्या माणसाची जागा मराठी वाचक प्रवासात सहज मान्य करतो आणि संसारात ती बोलू लागली की बिचकतो, हे मला त्या दोन तासांत पुन्हा एकदा जाणवले.

मागे जावे तितके हे अधिक विचित्र होत जाते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवायला म्हणून उत्तरेकडे निघाले, ते आपल्या काकांबरोबर. 'माझा प्रवास' त्यांनी पुढे लिहिला, तो चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. बंडाच्या धामधुमीत पुतण्याबरोबर तेच हाल सोसणारा काका पुस्तकभर आहे, पण 'माझा' या शब्दात तो नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा बरोबर लहानगी मनोरमा होती आणि आनंदीबाई भगत नावाची एक सखी होती. पोहोचल्यावर काही महिन्यांतच, वाँटेज येथे, आनंदीबाईंनी आत्महत्या केली. रमाबाईंच्या चरित्राच्या संदर्भात तेवढे त्यांचे नाव येते, आणि पुढचे वाक्य पुन्हा रमाबाईंचे सुरू होते. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. त्या मात्र पतीशिवाय. गोपाळराव मागाहून आले. फिलाडेल्फियातल्या थंडीने पोखरत आणलेली प्रकृती, १८८६ मधली पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ चा पुण्यातला मृत्यू हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की एका मराठी जोडप्याच्या परदेशप्रवासाचा पहिला मोठा लेखी ऐवज ते दोघे बरोबर नसताना निर्माण झाला. तो पत्रांचा आहे. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले ते या पत्रांच्या आधारे. दोघे एका खोलीत आल्यावर पत्रे थांबली, आणि आपल्याला त्या खोलीतले फारसे काही कळेनासे झाले.

असो. इतके वाचून ठेवल्यावर स्वतःच्या प्रवासाला निघताना माणूस मोकळा राहत नाही.

आम्ही दोघेही मराठीच शिकवतो. शिरवण्याच्या जुन्या गावठाणाला लागून राहतो. घरापासून चालत जुईनगर स्थानक. तिथे दोन मार्ग फुटतात. नवरा हार्बरने खाडी ओलांडून जातो, मी ठाण्याच्या गाडीने. सकाळी फलाटावर दहा मिनिटे बोलायला मिळतात, ती बहुतेक दूधवाला आणि गॅस यांत जातात. वीस वर्षांच्या संसारात दोघांनीच मिळून केलेले प्रवास मोजायला एका हाताची बोटे पुरतात, आणि त्यांतले दोन तर चर्चासत्रांचे आहेत.

लंडनचे आम्ही प्रथम ठरवले ते २०१९ च्या दिवाळीत, पुढच्या हिवाळ्यासाठी. पुढच्या हिवाळ्यात काय झाले हे सांगायला नको. त्यानंतर सासूबाई आजारी पडल्या. ते आजारपण साडेतीन वर्षे चालले. लंडनसाठी साठवलेली रक्कम आम्ही मोडली नाही. ती मुदत ठेवीत घालून तिला 'आईंची ठेव' म्हणू लागलो, कारण रुग्णालयात कोणत्या दिवशी किती भरावे लागतील याचा नेम नव्हता. जून २०२४ मध्ये त्या गेल्या. ठेव बरीचशी तशीच उरली होती. शेवटच्या दिवसांत त्यांनी स्वतःच रुग्णालयाला नकार दिला होता.

ऑगस्टमध्ये नवऱ्याने एका रात्री जेवताना, ताटाकडे पाहत, "या डिसेंबरात जाऊन येऊ," एवढेच म्हटले. मी हो म्हणाले. मग नणंदेचा फोन आला. वर्षश्राद्ध व्हायच्या आत परदेशी सहलीला? आणि तेही आईच्या पैशांवर? पैसे आमच्याच पगारांतून साठलेले होते, हे तिला ठाऊक होते. परंतु ठेवीला नाव आम्हीच दिले होते, आणि नावाला अर्थ असतो हे मराठीच्या प्राध्यापकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडणाऱ्याला परतल्यावर प्रायश्चित्त विचारले जाई. समुद्राची अडचण आता कोणाला वाटत नाही, वर्षाची वाटते. माझी स्वतःची या बाबतीतली श्रद्धा कोमट आहे. पण नणंदेने आईसाठी जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. दर शनिवारी ती डोंबिवलीहून येई आणि रात्रभर जागत बसे. तिच्या बोलण्याला रूढी म्हणून बाजूला सारणे मला जमले नाही. नवऱ्यालाही जमले नाही. तरी त्याने व्हिसाचे अर्ज भरले.

सासूबाईंचे या प्रवासाबद्दलचे मत मला आधीचे ठाऊक होते. आजारपणाच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेरूळच्या पाणथळीवर नेत असू. नोव्हेंबरनंतर तिथे आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात, कच्छच्या रणाकडून, हजारोंनी. चिखलात एका पायावर उभे. त्यांच्याकडे बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्या लांबून हे उबेला येतात ना? आणि तुम्ही थंडी खायला तिकडे निघालात." त्यात विरोध नव्हता आणि संमतीही नव्हती; निरीक्षण होते. त्या निरीक्षणाचा आधार घेऊन 'आईंची इच्छा होतीच' असे नणंदेला सांगता आले असते. नवऱ्याने ते सांगितले नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

नाताळच्या सुट्टीला दोन्ही बाजूंनी रजा जोडून आम्ही नऊ दिवस काढले. निघण्यापूर्वी त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मी घरी सांगितला होता. त्यावरून ठरले, की दोघांनी आपापली वही ठेवायची, रोज लिहायचे, आणि परत येईपर्यंत एकमेकांचे वाचायचे नाही. शंभर पानी, एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या वह्या.

लंडनच्या थंडीबद्दल आपल्याकडे जे ऐकिवात असते ते बर्फाचे असते. आम्हाला बर्फ दिसला नाही. २०२४ चा नाताळ तिथे मळभाचा आणि त्यांच्या मानाने सौम्य गेला. आम्ही मात्र थर्मलवर स्वेटर, त्यावर कोट आणि वर कानटोपी अशा थरांत गुंडाळलेलो. मला थंडीपेक्षा अंधाराने गोंधळवले. डिसेंबरअखेरीस सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि चारच्या आत मावळतो. दुपारचा चहा घ्यावा तर बाहेर दिवेलागण झालेली. आपल्याकडे हिवाळा हा ऋतू उजेडाचा आहे. भाज्या, हुरडा, ऊन खात बसणे, कोवळ्या उन्हाला टाकलेली वाळवणे. 'ऊन खाणे' हा शब्दप्रयोग त्या शहरात कसा समजावून सांगणार? आमची खोली किलबर्नमध्ये होती. खिडकीखाली रेडिएटर, त्यावर नवऱ्याचे पायमोजे वाळत. पहिल्या रात्री बॅग उघडताना त्याला आईंची शाल सापडली. तपकिरी, काठाला विटलेली, रुग्णालयात पायांवर असायची ती. मी ती मुद्दाम भरली होती असे नाही. गरम कपड्यांच्या कप्प्यात होती, गरम कपडे भरताना आली. त्याने ती हातात धरली, वास घेतला, आणि अंगावर घेऊन झोपला. नऊही रात्री तीच घेतली. जाड रजई पायथ्याशी घडी करून ठेवलेली राही.

परत आल्यावर जानेवारीतल्या एका रविवारी वह्यांची अदलाबदल झाली. पुढचे सगळे त्यावरचे आहे.

त्याची वही वाचून मला प्रथम हसू आले, कारण ती अगदी मराठी प्रवासवर्णन होती. ब्रिटिश म्युझियमवर सात पाने. त्यांत अमरावतीच्या शिल्पांवर चार. स्तूपाच्या कठड्यावरचे संगमरवरासारखे दिसणारे चुनखडीचे फलक, कृष्णेच्या काठावरून थेम्सच्या काठी आलेली जातककथा, ती इकडे आली नसती तर तिकडे चुन्याच्या भट्टीत गेली असती का, हा जुना वाद, आणि त्यावर त्याचे संयत मत. परिच्छेद नेटके आहेत. मी ते वर्गात वाचून दाखवू शकेन. त्याच दिवशीच्या माझ्या वहीत अमरावतीचा उल्लेख एका ओळीत आहे. बाकी मी दालनातल्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध जोडप्याविषयी लिहिले आहे. बाई फलकावरचा मजकूर हळू आवाजात वाचून दाखवत होत्या आणि गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. त्यांना दिसत नव्हते की ते दमले होते, हे शेवटपर्यंत कळले नाही.

इथवर मला फार वेगळे काही वाटले नाही. तो पाहतो ते वस्तुसंग्रहालय, मी पाहते ते बाकावरची माणसे, अशी सोयीची विभागणी करून लेख संपवता आला असता. स्त्रीनिवेदन आणि पुरुषनिवेदन या शीर्षकाखाली असे निबंध आपण सर्वांनी तपासले आहेत. पण वहीत पुढे गेल्यावर ती विभागणी टिकेना. खर्चाच्या नोंदी, ज्या मी ठेवीन असे वाटले होते, त्या सगळ्या त्याच्याकडे आहेत. प्रत्येक कॉफीला शंभरावर काही रुपयांनी गुणून. आणि ट्रफल्गार चौकातला नाताळवृक्ष नॉर्वेकडून १९४७ पासून दरवर्षी येतो, ही माहिती खाली रेघ मारून माझ्याकडे. त्याने त्या चौकातल्या गर्दीत हात सुटल्यावर मी कशी दिसेनाशी झाले आणि लाल कानटोपीवरून कशी सापडले, हे लिहिले आहे. ती पंधरा मिनिटे मला आठवतही नव्हती. मी नॉर्वेची पाटी वाचत होते.

म्हणजे प्रवासवर्णनातला दुसरा माणूस मीही होते, आणि त्याच्या वहीत मी तिकिटे सांभाळत नव्हते.

मायदा व्हेलमधल्या हाऊली प्लेसवर क्रमांक १० चे घर आहे. चिरोल खटल्याच्या निमित्ताने आलेले टिळक तिथे १९१८–१९ मध्ये राहिले. भिंतीवर निळी पाटी आहे. आम्ही २३ तारखेला तिथे गेलो. नवऱ्याने टिळकांचा विलायतेतला मुक्काम, खटल्याचा निकाल, मजूर पक्षाशी आलेला संबंध असे दीड पान लिहिले आहे. मला तिथे सत्यभामाबाई आठवल्या. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ साली त्या पुण्यात गेल्या. टिळकांना ते तुरुंगात कळले. या घरात टिळक राहिले ते विधुर म्हणून. पाटीवर हे असण्याचे कारण नाही, आणि ते नसावे असेच मलाही वाटते. पाटीने किती बोलावे याला मर्यादा असतात. पण त्या फुटपाथवर उभे राहिल्यावर घरातला दुसरा माणूस नसणे हे मला पाटीइतकेच ठळक दिसत होते.

२५ तारखेची नोंद हा या वह्यांचा गाभा. लंडनमध्ये नाताळच्या दिवशी भुयारी रेल्वे चालत नाही, बसही नाही. ज्यांचे आयुष्य जुईनगरच्या फलाटावर गेले अशा दोन माणसांना याचा अर्थ लागायला वेळ लागला. मेगाब्लॉक आम्हाला माहीत आहे, पण मेगाब्लॉकमध्येही काहीतरी चालते. इथे एवढे मोठे शहर स्वखुशीने थांबलेले. दुकाने बंद, रस्ते रिकामे, खिडक्यांतून दिवे आणि आत माणसे. आमचे तिथे कोणी नव्हते. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि कोणाची ओळख काढता आली असती, पण काढली नव्हती. साडेदहाला आम्ही चालत निघालो.

किलबर्नहून किंग हेन्रीज रोड हे काही फार लांब नाही. क्रमांक १० चे घर बाबासाहेबांचे. १९२१–२२ मध्ये विद्यार्थी म्हणून ते इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले, आता तिथे स्मारक आहे. त्या दिवशी अर्थातच दार बंद होते. आम्ही बाहेर उभे राहिलो. आमच्याआधी कोणीतरी येऊन गेले असावे. पायरीजवळ झेंडूची नव्हे, तिकडची कसलीशी पिवळी फुले ठेवलेली होती. नवऱ्याने टोपी काढली.

इथे रमाबाई आंबेडकर आल्या नाहीत. त्या परळच्या चाळीत होत्या, मुलांना सांभाळत, जे पैसे पुरत नव्हते ते पुरवत. बाबासाहेबांच्या लंडनच्या अभ्यासाची गोष्ट आपण सांगतो ती पहाटेपासून ग्रंथालयात बसण्याची आणि अर्धपोटी राहण्याची; ती खरीच आहे. परळची गोष्ट त्याच काळातली, तितकीच उपाशी. प्रवासातला दुसरा माणूस नेहमी प्रवासात असतोच असे नाही. तो मागे असतो म्हणून पहिला जाऊ शकतो. रमाबाई १९३५ साली गेल्या. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. फाळणीच्या राजकारणावरच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर 'रामू' हे नाव वाचून मी विद्यार्थिदशेत चमकले होते. त्या बंद दारापाशी त्या नावाची संगती लागल्यासारखे वाटले.

हे मी नवऱ्याला बोलले नाही. तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन घराकडे पाहत होता. मग म्हणाला, "टेकडीवर जाऊ."

प्रिमरोझ हिल घरापासून जवळच आहे. टेकडी म्हणावी इतपत चढ, वर मोकळी हिरवळ, आणि समोर सगळे लंडन. नाताळच्या दुपारी तिथे बरीच माणसे होती. मुले नव्या सायकली घेऊन आलेली, कुत्र्यांना स्वेटर घातलेले. आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. बरोबर मेथीचे ठेपले होते. आणि मग तो बोलू लागला. आईच्या शेवटच्या दोन महिन्यांविषयी. सहा महिने तो त्याविषयी एक शब्द बोलला नव्हता. क्रियाकर्म, दाखले, बँक, पेन्शन बंद करण्याचा अर्ज, सगळे करत होता आणि बोलत नव्हता. दिवे लागेपर्यंत तो बोलला. म्हणजे चारपर्यंत.

तो जे बोलला ते या लेखात इथे होते. सुमारे चारशे शब्द. लेख प्रसिद्धीला देण्याआधी मी त्याला वाचायला दिला. त्या पानापाशी थांबून तो म्हणाला, "हे राहू दे." मराठीत 'राहू दे'चे दोन अर्थ होतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मी विचारले, ठेवू की काढू? थोडा वेळ गेला. "काढ," तो म्हणाला. मी काढले.

त्याच्या वहीतली त्या दिवसाची नोंद मात्र त्याच्या परवानगीने देते. ती पूर्ण अशी आहे: 'सार्वजनिक वाहतूक बंद. पायी, अंदाजे ९ किमी. आंबेडकर निवास, बाहेरून. टेकडी. परत. रात्री मुगाची खिचडी, मीठ कमी.' अमरावतीला चार पाने देणाऱ्या माणसाने आयुष्यातल्या एका मोठ्या दुपारला दोन शब्द दिले. 'टेकडी. परत.' माझ्या वहीत त्या दिवशीची अकरा पाने आहेत.

अभ्यासक म्हणून मला यातले पहिले अनुमान सोपे वाटले होते: प्रवासवर्णन लिहिणारा जे सांगतो ते सांगण्याजोगे असते म्हणून सांगतो, आणि जे त्याच्या जिवाशी असते ते नेमके गाळतो. हे चुकीचे नाही. परंतु त्याने तरी गाळले कुठे? 'टेकडी' हा शब्द त्याने लिहिला आहे. तो शब्द कोणासाठी लिहिला? वाचकासाठी नाही, वाचकाला त्यातून काही मिळत नाही. ही वही पुढे मी वाचणार हे त्याला ठाऊक होते. म्हणजे त्या दोन शब्दांना एकच वाचक अभिप्रेत होता आणि त्याला ते पुरेसे होते. 'अपूर्वाई'त असे काही शब्द असतील का, जे फक्त सुनीताबाईंना कळत असतील, आणि ज्यांवरून साठ वर्षे आपण सर्वजण हसत पुढे गेलो असू? याचे उत्तर मिळण्याचा मार्ग आता नाही. सुनीताबाईही २००९ मध्ये गेल्या. पण पुस्तक पुन्हा वाचताना माझी गती मंदावली आहे, हे खरे. साधी, माहितीपर, विनोद नसलेली वाक्ये आली की मी तिथे थांबते.

मीना प्रभूंच्या पुस्तकांनी मराठीत हा मामला बदलला असे म्हणतात. 'माझं लंडन'पासून पुढे बाई एकटी निघते, स्वतः पाहते, स्वतः लिहिते. ते मोठे काम आहेच. माझी अडचण वेगळी आहे. निवेदकाच्या जागी बाई आली तरी दुसऱ्या माणसाची जागा तशीच राहते. तिथे फक्त माणूस बदलतो. हा लेख घ्या. यात नवरा टोपी काढतो, शाल घेतो, दोन शब्द लिहितो, आणि त्याचा अर्थ मी लावते. तो मायदा व्हेलच्या फुटपाथवर काय विचार करत होता हे मी सांगितलेले नाही, कारण त्याच्या वहीत टिळकांचा मजूर पक्षाशी संबंध आहे. कदाचित तो खरोखर मजूर पक्षाचाच विचार करत असेल. चांगल्या प्राध्यापकाने तसा करावाही.

दोघांच्या नोंदी डाव्या-उजव्या पानांवर समोरासमोर छापाव्यात, असे आम्हाला एकदा वाटले होते. करून पाहिले. पहिल्या चार दिवसांचे बरे दिसते. २५ तारखेला उजवीकडे मजकूर वाहत राहतो आणि डावीकडे पान कोरे. ते पाहून दोघांनाही ते नको झाले. कोरे पान छापले की ते मुद्दाम कोरे ठेवल्यासारखे दिसते.

उरलेल्या दिवसांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. २७ आणि २८ ला धुके पडले, विमाने रखडल्याच्या बातम्या होत्या; आमचे विमान उशिरा का होईना सुटले. मुंबईत पहाटे उतरलो. घामाने थर्मल चिकटलेले. शिरवण्यात शिरताना औद्योगिक पट्ट्यातला तो हिवाळ्यातला रसायनांचा वास आला आणि नवरा म्हणाला, "आलो." तेवढ्यापुरता तो वाससुद्धा बरा वाटला, हे मी कोणत्याही पर्यावरणविषयक चर्चेत कबूल करणार नाही.

गोडसे भटजींच्या पुस्तकाचा शेवट मला अलीकडे आठवत राहतो. द्रव्य मिळवायला निघालेला हा माणूस लुटला जाऊन, जीव वाचवून परत येतो, आणि आणतो काय तर काशीहून खांद्यावर वाहिलेली गंगेची कावड. त्या पाण्याने तो आईवडिलांना स्नान घालतो. ते दोघे तोवर होते.

जूनमध्ये वर्षश्राद्ध झाले. नणंद आदल्या दिवशीच आली. स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतले, वडे तिनेच तळले. लंडनचा विषय निघाला नाही. पाने वाढून झाल्यावर, सगळे पांगल्यावर, ती पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "बघू तरी काय फोटो काढलेत." नवऱ्याने भ्रमणध्वनी तिच्या हातात दिला. ती न बोलता एकेक सरकवत होती. एका फोटोपाशी थांबली. किलबर्नच्या खोलीतला, सकाळचा, मी काढलेला. तो खिडकीशी वही घेऊन बसलेला आणि खांद्यावर शाल. तिने तो मोठा करून पाहिला.

"बर्फ नव्हता का रे?" तिने विचारले.

"नव्हता."

निघताना तिने कपाटातून शाल काढली, घडी केली आणि पिशवीत घातली. आम्ही काही म्हणालो नाही.